कॅज्युअल्टीतली पहिली रात्रपाळी: बोलायचं कुठवर, निघायचं कधी

सलाइनचा स्टँड दिसायला हलका असतो. कुणी तो डोक्यावर उचलला की मग लक्षात येतं, त्याला खाली लोखंडी बूड आहे. मी इंटर्न होते, रुजू होऊन तीन आठवडे झाले होते. आत एका तरुणाला सीपीआर (बंद पडलेलं हृदय छाती दाबून सुरू करायचा प्रयत्न) चालू होता आणि बाहेर त्याच्या भावाला मी तीनदा एकच वाक्य ऐकवलं होतं, 'प्रयत्न चालू आहेत, थांबा.' चौथ्यांदा बाहेर आले ती पेशंट गेल्याचं सांगायला. मधे पाऊण तास गेला होता. ही पहिली चूक. दुसरी त्याच्या पुढच्या दोन मिनिटांतली. त्याचा आवाज चढला, मुठी वळल्या, तो जवळ सरकत आला, आणि मी त्याला समजावत राहिले. माझ्या पाठीला औषधांचं कपाट, डावीकडे ट्रॉली आणि दार त्याच्या मागे. स्टँड माझ्या डोक्याऐवजी कपाटाच्या काचेवर बसला, कारण एका वॉर्डबॉयने मागून त्याचं कोपर धरलं.

नंतरच्या वर्षांत असे प्रसंग जवळून पाहिले, काही टाळता आले, काही नाही. बहुतेक ठिकाणी तीच उलटापालट दिसली. बोलायची वेळ असते तेव्हा आपण गप्प असतो आणि निघायची वेळ येते तेव्हा बोलत बसतो. या दोन वेळा ओळखता याव्यात म्हणून हे लिहिते आहे. नवे इंटर्न, निवासी डॉक्टर, सिस्टर-ब्रदर, टेक्निशियन, केसपेपर काढणारे, सगळ्यांसाठी.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकते. मार बसला तर तो तुम्ही नीट बोलला नाहीत म्हणून बसला, असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी ८ ते ३८ टक्के लोकांना नोकरीच्या काळात कधी ना कधी शारीरिक हल्ला सोसावा लागतो. शिवीगाळ आणि धमक्या सोसणारे त्याहून कितीतरी जास्त. हात उचलणारे बहुतेक करून पेशंट किंवा त्यांच्याबरोबरचे लोक असतात, आणि सर्वांत जास्त झळ नर्सेसना, कॅज्युअल्टीतल्या आणि ॲम्ब्युलन्सवरच्या माणसांना बसते. २००२ साली या संघटनेने आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि परिचारिकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेसोबत जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत हा कामाच्या जागेचा धोका मानला आहे. गिरणीत यंत्राला जाळी बसवायची जबाबदारी मालकाची, तसंच हे. अपुरे बेड, एका पाळीला दोन माणसं, दाराशी कुणीच नाही, याला 'गोड बोला' हे उत्तर नाही. सीनियर तसं म्हणाले तर मान डोलवा आणि पुढे वाचा.

पहिली पायरी: पेशंट बघण्याआधी खोली बघा

रुजू व्हाल त्या दिवशी दहा मिनिटं काढून कॅज्युअल्टीत एक चक्कर मारा. बाहेर पडायची दारं किती, त्यातलं रात्री कुलूप कुठल्याला असतं, कुठलं आतून लावता येतं, सुरक्षारक्षक रात्री तीन वाजता खरंच कुठे असतो (कागदावर कुठे आहे ते विचारू नका), मोबाइलला रेंज कुठे मिळत नाही. धोक्याचं बटण असेल तर ते दाबल्यावर नेमकं कुठे वाजतं ते विचारा. मी एका ठिकाणी विचारलं तेव्हा कळलं की ते रात्री बंद असलेल्या कार्यालयात वाजतं.

मदतीसाठी एखादा परवलीचा शब्द ठरवून घ्या. 'सिस्टर, लाल फाइल द्या' असं काहीही चालेल, पण ते पाळीतल्या प्रत्येकाला माहीत हवं आणि ऐकल्यावर कोण काय करणार हेही ठरलेलं हवं. एकाने फोन करायचा, एकाने येऊन नुसतं शेजारी उभं राहायचं. दुसऱ्या माणसाच्या नुसत्या उभं राहण्याने किती फरक पडतो ते तुम्हाला लवकरच दिसेल.

बसायची खुर्ची दाराजवळ ओढून घ्या. पेशंटला किंवा नातेवाइकाला आतल्या बाजूला बसवलं की तुमच्या आणि दाराच्या मधे कुणी येत नाही. मात्र त्याचीही वाट पूर्ण अडवू नका. कोंडलेला माणूस जास्त बिथरतो. टेबलावरचे पेपरवेट, जड पंच, उघड्या कात्र्या ड्रॉवरमध्ये टाका. स्टेथोस्कोप गळ्यात घालून फिरायची हौस इंटर्नशिपमध्ये सगळ्यांनाच असते, पण तापलेल्या माणसासमोर जाताना तो खिशात घाला. गळ्यात अडकवलेली कुठलीही वस्तू समोरच्याला धरायला मिळालेली दोरी असते. ओळखपत्राची फीत ओढल्यावर सुटणारी घ्या. आणि ड्युटी रूमची कडी लागते का हे पहिल्याच रात्री तपासा. लागत नसेल तर लेखी कळवा आणि दुरुस्त होईपर्यंत तिथे एकट्याने झोपू नका.

दुसरी पायरी: हँडओव्हरमध्ये एक प्रश्न वाढवा

पाळी घेताना आपण ऑक्सिजन, युरिन आउटपुट, राहिलेले रिपोर्ट विचारतो. त्यात एक घाला: 'कुणाचे नातेवाईक तापलेत, आणि कशावरून?' उत्तर एका वाक्यात मिळतं. 'सात नंबरच्या मुलाला सकाळपासून कुणी स्कॅनचा रिपोर्ट समजावून सांगितलेला नाही.' हे कळलं की तुमचा राउंड सात नंबरपासून सुरू करायचा.

पेशंटच्या बाबतीत नॉर्वेत तयार झालेली ब्रॉसेट नावाची छोटी यादी कामाची आहे. ती मनोरुग्णांच्या वॉर्डासाठी बनली, पण बाकीच्या ठिकाणीही वापरतात. पेशंट गोंधळलेला आहे का, चिडचिडा आहे का, दंगा करतोय का, तोंडी धमकी देतोय का, अंगावर येण्याचा आव आणतोय का, वस्तूंवर राग काढतोय का. प्रत्येक 'हो'ला एक गुण. तीन किंवा जास्त झाले तर पुढच्या चोवीस तासांत हल्ल्याचा धोका मोठा समजायचा आणि आधीच माणसं जमवायची. यादीसाठी एक मिनिटही लागत नाही. फाइलमध्ये लिहिताना मात्र 'भांडखोर नातेवाईक' असं लिहू नका. ती फाइल एक दिवस तेच नातेवाईक वाचणार आहेत, बहुधा वकिलाला शेजारी बसवून. जे पाहिलं आणि जे ऐकलं ते लिहा.

तिसरी पायरी: थांबणाऱ्या माणसाला वाट पाहायचं कारण द्या

सगळ्यात जास्त राग जन्मतो तो बाकड्यावर, आणि तिथे आपण नसतो. इंग्लंडमध्ये डिझाइन काउन्सिलने २०११ च्या सुमारास अपघात विभागांसाठी एक साधा प्रयोग केला. भिंतींवर आणि पत्रकांवर इतकंच सांगितलं: तुम्ही आत्ता कुठल्या टप्प्यावर आहात, पुढे काय होणार, उशीर का होतो, तुमच्यानंतर आलेला माणूस आधी आत का गेला. नंतरच्या तपासणीत पंचाहत्तर टक्के पेशंटनी वैताग कमी झाल्याचं सांगितलं आणि धमकावणारं वागणं निम्म्यावर आलं. माणसं तीच होती, थांबायचा वेळही जवळपास तोच.

तुमच्या विभागात तसे फलक नसतील, तर ते काम तुमच्या तोंडाने करावं लागेल. मी पाळते तो नियम असा: गंभीर पेशंटच्या घरच्यांकडे दर पंधरा-वीस मिनिटांनी कुणीतरी जायचंच, नवीन काही सांगायला असो वा नसो. नवीन नसेल तर तेच सांगायचं. 'रक्ताचा रिपोर्ट अजून आलेला नाही, साधारण अर्धा तास लागेल. तोपर्यंत त्यांचा श्वास मशिनवर आहे, बीपी औषधावर टिकून आहे. मी पुन्हा येते.' आणि पुन्हा जायचं. सांगून न जाण्यापेक्षा न सांगितलेलं परवडलं. तुम्ही अडकलात तर सिस्टरना पाठवा, इंटर्नला पाठवा.

घरातल्या एका माणसाला बोलण्यासाठी निवडायला सांगा, त्याचं नाव आणि नातं केसपेपरवर लिहा. पाच जणांना पाच वेळा सांगितलं की पाच गोष्टी तयार होतात आणि सहावा गावाहून येऊन म्हणतो, 'डॉक्टर लपवतायत.' हा सहावा माणूस फार महत्त्वाचा आहे. आजारपणात तो हजर नसतो, त्याच्या मनात अपराधीपणा असतो आणि तो रागाच्या वेषात येतो. तो आल्याचं कळलं की स्वतःहून जाऊन त्याला सुरुवातीपासून सांगा. दहा मिनिटं जातात, पण नंतरचे दोन तास वाचतात.

काही वाक्यं तोंडातून काढून टाका. 'काळजी करू नका' (करणारच), 'आम्ही आमचं काम करतोय' (मग मी काय करतोय?), 'हे माझ्याकडे नाही'. 'सिरियस आहे' एवढंच म्हणणंही टाळा, कारण ऐकणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. कशाने सिरियस, पुढच्या काही तासांत काय होऊ शकतं, ते सांगा. 'मला माहीत नाही' म्हणायला हरकत नाही, पण त्यापुढे 'विचारून दहा मिनिटांत सांगते' हे यायला हवं. नंबर लावून बसलेल्यांना ट्रायाज एकदा उघड सांगा, 'इथे आधी आलेल्याला आधी बघत नाही, ज्याचा श्वास किंवा रक्तस्राव थांबवायचा आहे त्याला आधी बघतो. उद्या तुमच्या माणसावर ती वेळ आली तर त्यालाही आधी घेऊ.' पैशांची गोष्ट आणि तब्येतीची गोष्ट एका दमात करू नका, शक्य तर एका तोंडाने करू नका.

आणखी एक, जे कुठल्या पुस्तकात नसतं. नातेवाईक काचेतून तुम्हाला बघत असतात. आत पेशंट गंभीर असताना डेस्कवर कुणी मोबाइल बघून हसलं, तर तो हशा त्यांच्या कायम लक्षात राहतो. रात्रीच्या दोनला हसायला हवंच, नाहीतर माणूस वेडा होईल. पण ते ड्युटी रूममध्ये, दार लावून.

चौथी पायरी: मृत्यू सांगताना

सर्वांत जास्त शिकण्यासारखं इथे आहे. शिकवलं मात्र सर्वांत कमी जातं. कर्करोगाच्या पेशंटशी बोलण्यासाठी २००० साली प्रसिद्ध झालेली 'स्पाइक्स' ही सहा टप्प्यांची पद्धत आता सगळीकडे शिकवतात: जागा नीट निवडा, त्यांना किती माहीत आहे ते आधी विचारा, किती ऐकायचं आहे ते जाणून घ्या, मग सांगा, भावनांना जागा द्या, पुढचं काय ते ठरवा. चांगली आहे. पण कॅज्युअल्टीत सहा टप्प्यांना वेळ नसतो, म्हणून त्यातला जीव तेवढा घ्या.

सीपीआर सुरू झाला की पाच मिनिटांत एक जण बाहेर जाऊ द्या. 'त्यांचं हृदय बंद पडलंय. आम्ही छाती दाबून आणि औषधांनी ते सुरू करायचा प्रयत्न करतोय. परत सुरू होणं अवघड असतं.' हे शेवटचं वाक्य गिळू नका. रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्यांपैकी घरी परतणारे दहातला एखादा, बऱ्याच ठिकाणी त्याहूनही कमी. मग दहा मिनिटांनी पुन्हा, 'अजून प्रतिसाद नाही.' असं दोनदा ऐकलेल्या माणसाला तिसरी बातमी कोसळवत नाही. घरच्यांपैकी एकाला आत उभं राहू द्यावं का, हा वादाचा विषय आहे. फ्रान्समध्ये घरी जाऊन केलेल्या सीपीआरच्या वेळी हा पर्याय देऊन पाहिला. २०१३ साली आलेल्या त्या अभ्यासात, ज्यांना तो दिला त्या नातेवाइकांना पुढे मानसिक आघाताची लक्षणं कमी दिसली आणि डॉक्टरांच्या कामात अडथळाही आला नाही. माझं मत अनुकूल आहे, पण एका अटीवर. त्या माणसाच्या शेजारी फक्त त्याला समजावायला एक सिस्टर उभी असली पाहिजे. ती नसेल तर करू नका.

बातमी सांगायला दोघं जा. बाहेरच्या गर्दीत सांगू नका. जवळच्या दोघा-तिघांना बाजूच्या खोलीत घ्या, बसवा, तुम्हीही बसा, दाराकडच्या बाजूला. आधी एक सूचना, 'वाईट बातमी आहे.' एक श्वास. मग स्पष्ट शब्द, 'त्यांचा मृत्यू झाला.' 'आम्ही त्यांना वाचवू शकलो नाही' हे ऐकून लोक पुढच्या वाक्याची वाट बघतात, 'आता ते राहिले नाहीत' याचा अर्थ 'दुसरीकडे हलवलं' असाही घेतला गेलेला मी पाहिलाय. मृत्यू हा शब्द उच्चारा. त्यानंतर गप्प बसा. ही शांतता भयंकर लांब वाटते आणि ती डॉक्टरी शब्दांनी भरायचा मोह होतो. भरू नका.

मृतदेह दाखवण्याआधी चेहरा पुसा, चादर नीट करा. नळी कायदेशीर कारणाने ठेवावी लागणार असेल तर ती का आहे हे आधी सांगा. सीपीआरमध्ये बरगड्या मोडतात, तोंडातून रक्त येऊ शकतं. हे न सांगता दाखवलं तर त्यांना ते मारहाणीसारखं दिसतं. हृदय थांबल्यावरही काही मिनिटं उचकीसारखा श्वास किंवा स्नायूंची थरथर दिसू शकते. नातेवाईक ओरडत येतात, 'हात हलला!' अशा वेळी 'नाही हलला' असं डेस्कवरून म्हणायचं नाही. उठायचं, जायचं, नाडी बघायची, स्टेथोस्कोप लावायचा, ईसीजी पुन्हा काढायचा आणि सरळ रेषेची ती पट्टी त्यांच्या हातात द्यायची. तिसऱ्यांदा बोलावलं तर तिसऱ्यांदा जायचं. मला एका मुलीने चार वेळा बोलावलं होतं. चौथ्या वेळी तिने स्वतःच माझ्या हातातला स्टेथोस्कोप घेऊन आईच्या छातीवर ठेवला, बराच वेळ ऐकत राहिली आणि परत दिला.

पाचवी पायरी: पारा चढताना

२००७ साली ऑस्ट्रेलियातल्या एका कॅज्युअल्टीत केलेल्या अभ्यासातून हल्ल्याआधीच्या पाच खुणा पुढे आल्या: एकटक रोखून बघणं, आवाजाची पट्टी आणि खोच बदलणं, बेचैनी, पुटपुटणं, येरझाऱ्या. यातल्या दोन-तीन एकत्र दिसल्या की हातातलं काम खाली ठेवा. इथे अजून बोलण्याने काम होतं, पण पद्धत बदलते.

दोन हात अंतर ठेवा. अगदी समोरासमोर नको, जरा तिरकं उभं राहा. हात पोटाच्या उंचीवर, उघडे, दिसतील असे. छातीवर घडी नको, खिशात नको, कमरेवर तर अजिबात नको. खांद्यावर हात ठेवून धीर द्यायची ही वेळ नव्हे. आवाज त्याच्यापेक्षा खाली आणि सावकाश. एकच जण बोलेल. मागून तिघं 'अहो, ऐका ना' करू लागले की तो भोवऱ्यात सापडल्यासारखा होतो. 'शांत व्हा' हे शब्द मी आजवर कुणालाही शांत करताना पाहिलेले नाहीत. त्याऐवजी जे दिसतंय ते बोला, 'चार तास झालेत आणि तुम्हाला कुणी काही सांगितलेलं नाही, म्हणून तुम्ही चिडला आहात.' तो 'हो!' म्हणून ओरडला तरी चालेल, 'हो' म्हणालाय हे महत्त्वाचं. मग एक खरी, छोटी गोष्ट द्या: 'आत्ता मी रिपोर्ट मागवते, इथे बसून तुमच्यासमोर वाचते.' चूक आपल्याकडून झाली असेल तर उशिराबद्दल सरळ माफी मागा. तिथे उभं राहून निदानाचा, कुणाच्या चुकीचा निवाडा मात्र करू नका.

कुणी मोबाइलवर शूटिंग करत असेल तर त्यावरून झटापट नको. बाकीच्या पेशंटचे चेहरे येऊ नयेत एवढं एकदा सांगा आणि आपण कॅमेऱ्यात दिसतोय असं धरून वागा. तेच शूटिंग पुढे तुमच्या बाजूचाही पुरावा ठरू शकतं.

मर्यादा एकदा, न ओरडता सांगायची. 'मला तुमचं ऐकायचंय. शिव्या चालू राहिल्या तर मला इथून जावं लागेल.' आणि शिव्या चालूच राहिल्या तर खरंच जायचं.

पेशंटच मारत असेल तर

तो आधी आजारी आहे असं समजा. साखर कमी झालेली, ऑक्सिजन कमी पडलेला, डोक्याला मार, मेंदूत संसर्ग, दारू अचानक बंद झाल्याचा झटका, फिट येऊन गेल्यानंतरचा गोंधळ, म्हातारपणातलं डिलिरियम (आजारपणात अचानक भान हरपून होणारा गोंधळ), तुंबलेली लघवी. एकदा एका काकांनी सिस्टरच्या कानाखाली मारली. 'दारुडा आहे, बांधा' असं सगळे म्हणाले. ग्लुकोमीटरवर ३४ आकडा आला. शिरेतून ग्लुकोज गेल्यावर दहा मिनिटांत ते उठून बसले आणि सगळे आपल्याकडे असे का बघतायत म्हणून विचारू लागले. म्हणून साखर आणि ऑक्सिजन आधी, बाकी नंतर.

फिट येऊन गेलेल्याला घट्ट धरू नका, धरल्यानेच तो झटकतो. बांधायचीच वेळ आली तर शिकलेली पुरेशी माणसं आणि सीनियरचा लेखी आदेश हवा, आणि पालथं कधीच दाबून धरायचं नाही. श्वास अडकून माणूस मरतो. झोपेचं इंजेक्शन एकट्याने ठरवू नका.

सहावी पायरी: आता निघा

या खुणा दिसल्या की बोलणं संपलं: त्याने हातात वस्तू घेतली. तो तुमच्या आणि दाराच्या मधे आला. 'बाहेर भेट, बघतो' किंवा 'ठेवत नाही' असं नेमकं बोलला. घड्याळ काढलं, बाह्या सरसावल्या. मागून आणखी चौघं आत आले. किंवा इतका वेळ ओरडणारा एकदम गप्प झाला आणि नजर तुमच्यावर स्थिर झाली. ही शेवटची खूण नव्या लोकांना फसवते. त्यांना वाटतं, निवळला.

निघताना कारण द्या, वाद नको. 'मी सीनियरना घेऊन येते', 'रिपोर्ट आणते'. पाठ न फिरवता दोन-तीन पावलं मागे, मग दाराबाहेर, आणि लोक असतील तिकडे. जिथून दुसरी वाट नाही आणि फोन लागत नाही अशा बाथरूममध्ये किंवा स्टोअरमध्ये घुसू नका. पर्स, मोबाइल, फाइल आत राहिली तर राहू द्या. अंगावर हात आलाच तर दोन्ही कोपरांनी डोकं आणि मान झाका, मोठ्याने ओरडा, सुटायला लागेल तेवढाच जोर लावा.

आणि आतल्या पेशंटचं काय? हा प्रश्न प्रत्येक चांगल्या डॉक्टरच्या पायात बेडी घालतो. डोकं फुटलेला डॉक्टर कुणाला नळी घालू शकत नाही, याहून वेगळं उत्तर माझ्याकडे नाही. तुम्ही बाहेर पडताच मदत बोलावता, सुरक्षारक्षक आणि पोलिसांसह परत येता, आणि सोडलेली वेळ व परतलेली वेळ दोन्ही नोंदवता. दुसरे पेशंट हलवता येण्यासारखे असतील तर त्यांना जाताजाता बाहेर काढा. तुमचा शूरपणा तपासायला कुणी आलेलं नाही.

सातवी पायरी: त्या रात्रीचे पुढचे तास

आधी स्वतः पेशंट व्हा. दुसऱ्या डॉक्टरकडून तपासून घ्या, जखमांची नोंद रीतसर केसपेपरवर करा, 'काही नाही, ठीक आहे' म्हणू नका. डोक्याला लागलं असेल तर गाडी चालवत एकट्याने घरी जाऊ नका. झटापटीत सुई टोचली, रक्त डोळ्यात गेलं किंवा रक्त येईल असा चावा बसला, तर धुऊन लगेच एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बीच्या प्रतिबंधाची विचारणा करा. एचआयव्हीसाठीच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात आणि जितक्या लवकर तितकं बरं. सकाळच्या ओपीडीची वाट बघू नका.

मग लिहा. त्याच रात्री, झोपायच्या आधी. वेळ, जागा, कोण होतं, नेमके शब्द अवतरणात, शिव्या असतील तर शिव्यांसकट. 'अर्वाच्य भाषा वापरली' या वाक्याचा पुढे काही उपयोग होत नाही. जखमांचे आणि मोडतोडीचे फोटो काढा, फाटलेला ॲप्रन धुवायला टाकू नका. सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवण्याची लेखी विनंती त्याच दिवशी द्या, कारण काही दिवसांनी त्यावर नवं चित्रण चढतं.

तक्रार संस्थेने करावी, एकट्या इंटर्नने नव्हे. कायदे देशोदेशी वेगळे आहेत. इंग्लंडमध्ये आपत्कालीन कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांसाठी २०१८ चा वेगळा कायदा आहे. महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने असा हल्ला अजामीनपात्र गुन्हा ठरतो, तीन वर्षांपर्यंत कैद आणि मोडतोडीची दुप्पट भरपाई होऊ शकते. भारतात केंद्रीय आरोग्य खात्याने ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय रुग्णालयांना आणि वैद्यकीय महाविद्यालयांना बजावलं की हल्ल्यानंतर सहा तासांच्या आत संस्थेच्या वतीने एफआयआर नोंदवण्याची जबाबदारी संस्थाप्रमुखाची. तुम्ही जिथे काम करता तिथला नियम कुठला, हे हल्ला होण्याआधी वाचून ठेवा आणि त्याची प्रत फोनमध्ये ठेवा. रात्री तीनला ठाण्यात 'असा काही कायदा नाही' असं ऐकायला मिळू शकतं.

'जाऊ द्या, मिटवून टाका, त्यांच्या घरात मयत झालीय' असं सांगणारे येतील, त्यात आपलेच वरिष्ठ असतील. त्या दिवशी कशावरही सही करू नका. दुसरीकडे, चिडून पेशंटचं नाव, आजार, फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका. गोपनीयतेचा भंग झाला की बाजू उलटते.

झोप येणार नाही, दार वाजलं की दचकाल. पहिले काही दिवस हे होतंच. लगेच सगळ्यांनी गोल करून बसायचं आणि प्रत्येकाने प्रसंग पुन्हा जसाच्या तसा सांगायचा, ही पद्धत फायद्याची नाही असं आता मानतात. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनाही ती करू नका असंच सांगतात. ज्याला बोलायचंय त्याचं ऐका, ज्याला नाही त्याला चहा द्या आणि घरी सोडा. महिना उलटूनही तीच स्वप्नं पडत असतील, त्या खोलीत पाय टाकवत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, ऑर्थोपेडिककडे जातो तितक्या सहज.

त्या तरुणाचा भाऊ आठवड्याने आला होता, मृत्यूच्या दाखल्यासाठी. पोलीस तक्रार नोंदवलेली होती आणि मी ती मागे घेतली नाही, हे त्यालाही माहीत होतं. दोन सहकारी शेजारी, दार माझ्या बाजूला, मधे टेबल. कागद घेऊन तो उभाच राहिला आणि म्हणाला, 'मॅडम, आम्ही बाहेर होतो तेव्हा त्याला कळत होतं का काही?' मी म्हटलं, नाही, आणलं तेव्हापासून तो शुद्धीवर नव्हता. सांगायला अर्धं मिनिटही लागलं नाही.